आठ नंबरचा समाज

सोमवारी दुपारी पावणेतीनला हेडक्लार्कांच्या संगणकावर लाल पट्टी आली : 'रकाना क्रमांक नऊ अपूर्ण. विद्यार्थी : एक.'

हेडक्लार्कांनी चष्मा पुसला. पट्टी तशीच होती. शाळेत मुलं चारशे बारा. त्यांतल्या चारशे अकरा जणांचा रकाना त्यांनी जेवणाच्या सुट्टीआधीच भरून टाकला होता. राहिलेलं नाव कुणाचं, हे त्यांना न वाचताही ठाऊक होतं. चौथी ब, हजेरी क्रमांक सतरा. त्यांची सख्खी नात, बिट्टी.

रकाना नऊ समाजाचा होता. शाळेत सात समाजांची मुलं शिकत, आणि खात्याने समाजांना नावांऐवजी क्रमांक दिले होते. नावांनी भावना दुखावतात, आकड्यांनी दुखावत नाहीत, असा खात्याचा समज. पहिल्याच महिन्यात 'आम्हाला सहावा नंबर कशाबद्दल?' असं विचारायला सहांचं शिष्टमंडळ येऊन गेलं आणि 'आम्हाला पहिला नंबर देऊन लोकांच्या डोळ्यांवर आणता काय?' म्हणून एकांचं. पण आकडे टिकले. मुलांना तर ते फारच सोयीचे वाटले. 'तू किती?' 'चार. तू?' 'सात.' एवढं झालं की दोघं एका डब्यात जेवत.

हेडक्लार्क दोन होते. त्यांच्या मुलीने लग्न केलं ते पाचांच्या घरात. एवढ्यावर भागलं असतं, पण त्या पाचांच्या घरातल्या विहीणबाई याच शाळेत ग्रंथपाल होत्या. कचेरी खाली, ग्रंथालय वर, मधे चोवीस पायऱ्यांचा जिना.

नऊ वर्षांपूर्वी बिट्टी जन्मली तेव्हा इस्पितळात पाळण्यात डोकावून हेडक्लार्क म्हणाले होते, "नाक अगदी आमच्यातलं आहे." त्यावर विहीणबाई म्हणाल्या होत्या, "आमच्यात तान्ह्या मुलांच्या नाकाविषयी बोलत नाहीत." तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. पत्रव्यवहार होता. 'प्रति, ग्रंथपाल. रविवारी जेवण आपल्याकडे असल्याचे आमच्या मुलीकडून समजते. तरी आम्ही यावे किंवा कसे, याचा खुलासा व्हावा.' असं पत्र जावक क्रमांक पडून जिना चढे आणि 'यावे' असा शिक्का घेऊन खाली येई.

शाळा साडेतीनला सुटे. बिट्टीच्या आईला कामावरून यायला साडेपाच होत. मधल्या दोन तासांची वाटणी मुलीने एकदाच, आवाज चढवून, करून दिली होती : सोमवार, बुधवार, शुक्रवार आजीकडे वर, मंगळवार, गुरुवार आजोबांकडे खाली. मंगळवारी आणि गुरुवारी बिट्टी कचेरीतल्या फिरत्या खुर्चीत बसून कोऱ्या कागदांवर शिक्के मारी, आणि हेडक्लार्क तिला चांगला कागद काढून देत. आठवड्यात त्यांना वाट बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

त्यांनी मुलीला फोन लावला.

"बाबा, तो रकाना आम्ही मुद्दाम कोरा ठेवलाय," मुलगी म्हणाली.

"अगं, पण यंत्र कोरा घेत नाही. चारच्या आत भरून द्यायचंय. मी आपलं तात्पुरतं..."

"तात्पुरतं दोन, असंच ना? ओळखते मी तुम्हाला. त्या रकान्यात तुम्ही एक अक्षर जरी लिहिलंत ना, तर उद्यापासून मी तिला पाळणाघरात घालीन. मंगळवार विसरायचा नि गुरुवारही."

फोन बंद झाला.

वाट नव्हती असं नाही. यंत्रात 'प्रलंबित' नावाची एक सोय होती. हेडक्लार्कांचा या शब्दावर फार जीव. तीस वर्षांच्या नोकरीत समोर आलेल्या प्रत्येक अर्जाला त्यांनी "सोमवारी बघू" हे एकच उत्तर दिलं होतं, आणि सोमवारी येणाऱ्याला "येत्या सोमवारी." पण 'प्रलंबित'साठी हेडक्लार्कांच्या सहीबरोबर आणखी एक सही लागत होती : 'विद्यार्थ्यास घरगुती संबंधातून ओळखणाऱ्या कर्मचाऱ्याची.' असा कर्मचारी शाळेत एकच होता आणि तो चोवीस पायऱ्या वर बसला होता.

हेडक्लार्क जिना चढले. विहीणबाई पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या.

"आज पत्राविना?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"तातडीचं आहे. रकाना नऊ."

"कोरा आहे तो."

"यंत्र कोरा घेत नाही."

"मग लिहा की दोन. यंत्र तुमच्या हातात, बोटं तुमची. आम्ही काय, आपली पुस्तकं वाचणारी माणसं. आम्हाला कोण विचारतंय!"

सही मागायचं वाक्य हेडक्लार्कांच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. 'पुस्तकं वाचणारी माणसं' ऐकून ते परत आत गेलं.

"विचारायला नव्हतो आलो," ते म्हणाले. "पंखा चालतोय का, ते बघायला आलो होतो."

दोघांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा चालत होता. हेडक्लार्क खाली आले.

चारला दहा मिनिटं होती. यंत्रातल्या यादीत सात आकड्यांच्या खाली आणखी एक आकडा होता : 'आठ : इतर.' आजवर त्याला कुणी हात लावला नव्हता. हेडक्लार्कांनी स्वतःची समजूत घातली, की मुलगी म्हणाली काही लिहू नका, आणि 'इतर' म्हणजे काहीच नाही. तेव्हा 'काहीच नाही' असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. त्यांनी आठ दाबला. पट्टी हिरवी झाली. विद्यार्थ्यांची यादी छापून त्यांनी सूचनाफलकावर लावली आणि ते वेळेवर घरी गेले.

मंगळवारी सकाळी मोठ्या बाईंनी त्यांना सभागृहात बोलावलं. शुक्रवारी खात्याचे तपासणी अधिकारी येणार होते. 'बहुरंगी शाळा' म्हणून जी शाळा निवडली जाई तिला एक पितळी ढाल मिळे, आणि मोठ्या बाईंनी ढालीसाठी भिंतीत खिळा तीन वर्षांपूर्वीच ठोकून ठेवला होता. सभागृहात सात समाजांची सात टेबलं मांडली होती.

"आठचं टेबल कुठाय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"बाई, आठ म्हणजे नुसतं इतर."

"इतर म्हणजे माणसं नव्हेत का? अधिकाऱ्यांपुढे असं बोलू नका हं, नोकरीवर येईल. परिपत्रक वाचा. नोंदलेल्या प्रत्येक समाजाला एक टेबल, एक प्रभारी आणि चालीरीतींचा एक तक्ता." बाईंचे डोळे लकाकले. "आणि आठमध्ये मूल किती, तर एक! इतका अल्पसंख्य समाज जिल्ह्यात कुणाकडे नाही. प्रभारी तुम्ही."

"मी? मी तर दोन."

"शोध तुम्हीच लावलात ना त्यांचा?"

तर मंगळवारी दुपारी बिट्टी फिरत्या खुर्चीत येऊन बसली तेव्हा हेडक्लार्कांनी समोर कोरा तक्ता पसरला.

"बिट्टे, तुमच्यात... म्हणजे तुझ्यात... काय काय असतं गं?"

"कुणात?"

"घरी."

बिट्टीने खुर्ची एकदा गरागरा फिरवून घेतली. "आमच्यात ना, एक मोजा एका रंगाचा असतो आणि दुसरा दुसऱ्या." कपडे बाबा घडी करत आणि जोड्या लावण्यावर त्यांचा विश्वास नव्हता, हे तिने सांगितलं नाही. "आमच्यात शुक्रवारी पेनाला हात लावत नाहीत. आमच्यात जेवताना दुसऱ्यांदा वाढून हवं असेल तर गंमत सांगावी लागते. आणि भांडण झालं ना, की मोठं माणूस आधी 'चुकलं' म्हणतं."

"मोठं? लहान नाही?"

"मोठ्यांना बोलायला जास्त येतं ना, म्हणून."

हेडक्लार्कांनी ते आपल्या भाषेत उतरवलं. '१. दोन्ही पायांतील मोजे भिन्नवर्णी असावेत. २. शुक्रवारी लेखणीस स्पर्श वर्ज्य. ३. द्वितीय वाढप विनोदकथनाच्या अटीवर. ४. कलहप्रसंगी ज्येष्ठाने प्रथम चूक मान्य करावी.' तक्ता सभागृहात लागला. लांबून तो हजार वर्षांचा जुना वाटत होता.

बुधवारी पहिल्या तासाला पीटीच्या सरांनी बिट्टीचे मोजे पाहिले. एक पिवळा, एक निळा. सरांनी शिट्टी तोंडात घातली. एवढ्यात त्यांना तक्ता आठवला. शिट्टी बाहेर आली.

"समाजाचे आहेत का?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो," बिट्टी म्हणाली.

सर दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "आम्हाला सगळ्यांबद्दल आदर आहे." ज्या सरांनी आयुष्यात कुणाच्या बुटाची सुटलेली नाडीही माफ केली नव्हती ते सर एका मोज्यापुढे मागे सरताना चाळीस मुलांनी पाहिलं.

मधल्या सुट्टीत कचेरीच्या खिडकीशी चौदा मुलं उभी होती.

"आम्हाला आठमध्ये घ्या."

"असं मधेच बदलता येत नसतं, बाळांनो. सोमवारी बघू."

गर्दीतून सहावीतला एक चष्मिस पुढे आला. हा मुलगा परिपत्रकं वाचत असे. "रकाना नऊखाली काय लिहिलंय, काका? 'समाज : विद्यार्थ्याने स्वतः सांगितल्याप्रमाणे.' आम्ही सांगायचं नि तुम्ही लिहायचं. आणि तळटीप तीन : 'बदल त्याच दिवशी नोंदवावा.' सोमवारी नाही चालणार."

हेडक्लार्कांनी तळटीप पाहिली. ती त्यांनी स्वतःच टंकली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादा अर्ज त्याच दिवशी निकालात काढला. तोही चौदा वेळा.

बुधवार संपता संपता आठ नंबरच्या समाजात साठ जण होते. गुरुवारी सकाळी दोनशे सत्तर. शुक्रवारी पेनाला हात लावायचा नाही, ही गोष्ट मुलांच्या मनाला फार खोलवर भिडली होती. कचेरीतला फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही.

"माझ्या मुलाने समाज बदलला म्हणे!" एक वडील ओरडत होते.

"मोजे बदललेत, साहेब."

"पिढ्यान्‌पिढ्या आम्ही चार आहोत, चार!"

"आकडे देऊन दोन वर्षं झालीत."

"तेच म्हणतोय मी! दोन वर्षांची परंपरा एका दिवसात मोडली!"

तीन नंबरच्या प्रभारी बाई रडकुंडीला आल्या. त्यांच्या टेबलापाशी दोनच मुलं उरली होती आणि त्यांतलं एक गोवर येऊन घरी झोपलं होतं. सातचे प्रभारी एकटेच टेबलाशी उभे राहून स्वतःलाच माहिती देत होते. मोठ्या बाई धावतच कचेरीत आल्या.

"सगळीच आठ झाली, तर बहुरंगी कसली शाळा? एक टेबल दाखवून ढाल मिळते होय? फोडा त्यांना! काहीही करून फोडा!"

"फोडायला नको, बाई," हेडक्लार्क शांतपणे म्हणाले. "साडेतीनशेच्या वर गेलेत. थोडा दम धरा."

नोकरीतला अनुभव बोलत होता. दुपारच्या सुट्टीत मैदानावर प्रश्न निघाला, की गडद मोजा डाव्या पायात की उजव्या? बिट्टीच्या डाव्या पायात बुधवारी निळा होता, म्हणून चष्मिस आणि त्याची माणसं डावे-गडद झाली. ज्यांनी तिला समोरून पाहिलं होतं, ते आपल्या उजव्या हाताकडे बघून उजवे-गडद. 'दोन्ही फिके चालतात' म्हणणारे तिसरे निघाले आणि त्यांच्याशी दोघांनीही बोलणं टाकलं. मग पेनाला हात लावायचा नाही म्हणजे पेन्सिलला लावायचा का, यावर चौथे नि पाचवे झाले. बुधवारी आलेले स्वतःला जुने आठ म्हणू लागले आणि गुरुवारी आलेल्यांना रांगेत मागे ढकलू लागले.

साडेतीनची घंटा झाली. हेडक्लार्कांनी कोरा कागद काढून ठेवला, शिक्क्याची गादी ओली केली. पावणेचार झाले तरी बिट्टी आली नाही. ते उठून जिन्याशी आले. बाराव्या पायरीवर, कचेरी आणि ग्रंथालय यांच्या बरोबर मधे, बिट्टी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. दोन्ही पायांत पांढरे मोजे.

"इथे का गं बसलीस?"

"मी कुणातच नाही. आठने मला काढलं."

"तुला? अगं, तूच तर आठ!"

"आज कपडे आईने घडी केले. मग मोजे सारखे निघाले. तो चष्मेवाला म्हणाला, तू खरी आठ नाहीस. जुने आठ सगळे हो म्हणाले, नवेही हो म्हणाले. आज पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं." तिने एक चिठ्ठी पुढे केली. 'मी आठ नाही. मला काढलं आहे. मी कोरी.' "स्वतः सांगितल्याप्रमाणे. तळटीप तीन."

हेडक्लार्कांना भडभडून आलं. आणि अशा हळव्या क्षणी माणसाच्या तोंडून जे जायला नको, तेच गेलं.

"जाऊ दे गं. तू आपली दोनमध्ये ये."

"दोनमध्ये का?" वरून आवाज आला. विहीणबाई कठड्याला टेकून उभ्या होत्या. आठवड्यात दुसऱ्यांदा त्या बिनशिक्क्याचं बोलत होत्या. "पाच काय ओस पडलेत?"

"पोरगी रडतेय, म्हणून म्हणालो."

"रडत्या पोरीला ओढायचं? आमच्यात नाही असं करत!"

"आमच्यात काय करतात, ते तुम्ही नका सांगू!"

"आजोबा. आजी." बिट्टीने दप्तराचा पट्टा ओढून घट्ट केला. "आमच्यात भांडण झालं की मोठं माणूस आधी 'चुकलं' म्हणतं. तोपर्यंत मी इथेच बसणार. सोमवारी नि मंगळवारी पण इथेच."

दोघांनी एकमेकांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"मोठे तुम्ही," हेडक्लार्क म्हणाले.

"मी? माझी जन्मतारीख तुमच्याच कपाटात आहे. काढा नि बघा."

हेडक्लार्क बघायला गेले नाहीत. साडेपाचला मुलगी येईपर्यंत एक जण खालच्या पायरीशी उभा होता, एक वरच्या. जाण्याआधी हेडक्लार्कांनी चिठ्ठीप्रमाणे नोंद केली. आठ पुसला गेला आणि लाल पट्टी सोमवारसारखीच पुन्हा आली.

शुक्रवारी अकराला तपासणी अधिकारी आले. पालकांनाही बोलावलं होतं. मोठ्या बाईंनी रडवेल्या चेहऱ्याने दार उघडलं, आणि त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. सातही टेबलं भरलेली होती. एकाशी डावे-गडद, दुसऱ्याशी उजवे-गडद, पुढे फिके, पुढे पेन्सिल चालणारे, पेन्सिल न चालणारे, जुने आणि नवे. प्रत्येक टेबलावर स्वतंत्र तक्ता होता आणि प्रत्येकाने शेजारच्या टेबलाकडे पाठ केली होती.

"वा!" अधिकारी भारावून म्हणाले. "कागदावर एकच समाज दिसत होता. इथे सात! आणि काय स्वाभिमान आहे एकेकाचा!"

आठवं टेबल रिकामं होतं. त्यावर मूळ तक्ता होता आणि त्यापुढे बिट्टीची आई कंबरेवर हात ठेवून उभी होती. तिने चारही कलमं दोनदा वाचली. हेडक्लार्क चोरपावलांनी मागच्या दाराकडे निघाले होते.

"बाबा. थांबा. हे आमच्या घरातलं आहे. 'द्वितीय वाढप विनोदकथनाच्या अटीवर'! हे काय आहे? आणि बाहेर मुलं म्हणतायत बिट्टी आठ होती. त्या रकान्यात तुम्ही काही लिहिलंत का?"

मंगळवार, गुरुवार, फिरती खुर्ची, शिक्क्याची गादी हे सगळं पाळणाघराच्या दिशेने चालू लागलेलं हेडक्लार्कांना दिसलं. त्यांनी आजची यादी पुढे केली. बिट्टीच्या नावासमोर कोरं होतं.

"आज कोरं आहे. सोमवारी काय होतं?"

सोमवारची यादी तीन दिवस सूचनाफलकावर होती, आणि सूचनाफलक ग्रंथालयाच्या दारात. विहीणबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी चष्मा नाकावर वर ढकलला. हेडक्लार्कांनी डोळे मिटले.

"कोरंच होतं," विहीणबाई म्हणाल्या. "मी वाचलंय. आम्ही वाचणारी माणसं."

मुलीने सासूकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "मग मंगळवारी येईल ती तुमच्याकडे."

जेवणाच्या सुट्टीच्या आत ढाल खिळ्यावर चढली. अधिकाऱ्यांनी शेऱ्यात लिहिलं : 'आठ क्रमांकाच्या समाजातील अंतर्गत विविधता अनुकरणीय. पुढील वर्षापासून आठ-अ ते आठ-ए असे स्वतंत्र क्रमांक द्यावेत.' जाता जाता ते म्हणाले, "एक रकाना मात्र कोरा आहे. आज चारच्या आत भरा, नाहीतर ढाल परत मागवावी लागेल." मोठ्या बाई ढालीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

साडेतीनला बिट्टी बाराव्या पायरीवर येऊन बसली. शब्दाला पक्की होती पोरगी. हेडक्लार्कांनी कचेरीचं दार लावून घेतलं आणि लोखंडी कपाटातून विहीणबाईंचं सेवापुस्तक काढलं. जन्मतारीख पाहिली. मग स्वतःचं काढलं. दोन्ही शेजारी ठेवून बोटांवर मोजलं, आणि पुन्हा एकदा उलटीकडून मोजलं. उत्तर तेच आलं. पुस्तकं कपाटात ठेवून ते जिना चढू लागले. बाराव्या पायरीवर बिट्टीने पाय आखडून त्यांना वाट दिली.

विहीणबाई खिडकीशी बसल्या होत्या.

"पंखा चालतोय," त्या म्हणाल्या.

"चुकलं," हेडक्लार्क म्हणाले.

विहीणबाईंच्या हातातली चिठ्ठी पुस्तकाऐवजी टेबलाला चिकटली.

"मोठा मीच निघालो. अकरा दिवसांनी."

"ठाऊक आहे मला. तुमच्या सभासद-कार्डावर आहे तारीख. नऊ वर्षांपासून ठाऊक आहे."

"मग काल बोलला का नाहीत?"

"मोठ्या माणसाने आपणहून म्हणायचं असतं." त्यांनी टेबलावरची चिठ्ठी नखाने सोलायला घेतली. "चुकलं माझंही. नाकाचं. मी घरी गेल्यावर नीट आठवून बघितलं होतं. तुमच्यासारखंच आहे."

हेडक्लार्कांनी खिशातून घडी केलेला अर्ज काढला. "'प्रलंबित'चा आहे. सोमवारीच सही मागायला आलो होतो."

"आणि पंखा बघून गेलात."

"हो."

"द्या इकडे." त्यांनी अर्ज नीट वाचला. "प्रलंबित ठेवण्याचं कारण लिहायचंय. काय लिहू?"

"तुम्ही वाचणारी माणसं. तुम्हीच सुचवा."

विहीणबाईंनी क्षणभर दाराबाहेर जिन्याकडे पाहिलं आणि लिहिलं : 'विद्यार्थिनीची वाढ चालू आहे.' मग सही केली. त्याखाली हेडक्लार्कांनी केली. चारला बारा मिनिटं होती.

"अहो, व्याहीबुवा, खाली आणखी एक ओळ आहे. 'सही करणाऱ्या दोघांचा समाज क्रमांक.'"

हेडक्लार्कांनी पेन उचललं. दोन लिहायला किती वेळ लागतो? पण पेन कागदापासून वीतभर वर तसंच राहिलं. विहीणबाईंचंही तेच झालं. दोन आणि पाच एकाखाली एक लिहिले असते, तर नऊ वर्षांचा पत्रव्यवहार पुन्हा पहिल्या जावक क्रमांकापासून सुरू झाला असता.

"हेही प्रलंबितच ठेवलं तर?" विहीणबाई म्हणाल्या.

"ठेवता येतं. पण त्याला पुन्हा एक सही लागते. आपल्याला दोघांनाही घरगुती संबंधातून ओळखणाऱ्याची."

"मी ओळखते की."

बिट्टी दारात उभी होती. बाराव्या पायरीवरून कधी उठली ते दोघांनाही कळलं नव्हतं. आज कपडे बाबांनी घडी केले असावेत. एक पाय हिरवा होता आणि दुसरा तपकिरी.

"ये, ये!" हेडक्लार्कांनी खुर्ची मागे ओढली, पेन तिच्यापुढे धरलं. "इथे, या ओळीवर. पटकन कर बाळ, चार वाजतायत. तुझ्या मोठ्या बाईंची ढाल जाईल."

बिट्टीने पेनाकडे पाहिलं. दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आज शुक्रवार आहे, आजोबा. आमच्यात पेनाला हात लावत नाहीत." आणि मग मान किंचित तिरकी करून, ओठ मिटून, नाकावरून खाली बघत ती अगदी शांतपणे म्हणाली, "सोमवारी बघू."

विहीणबाईंनी आधी नातीकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे, मग पुन्हा नातीकडे.

"नाकाचं एक वेळ सोडा," त्या म्हणाल्या. "पण हे मात्र कुठल्याही यंत्राला सांगा, शंभर टक्के तुमच्यातलं आहे."